प्रकाश देणारे रेणू : रंगशाळेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा रसायनाचाच विषय घ्यायचा हे मनात ठरलेलं होतं. आणि तो असा, की ज्याचा उपयोग या सभागृहातल्या बहुतेकांनी नकळत करून घेतला आहे.

२०२० आणि २०२१ ही वर्षं आठवा. आरटी-पीसीआरचा अहवाल मोबाइलवर यायचा आणि घरोघरी एकच प्रश्न व्हायचा : सीटी व्हॅल्यू किती? तो आकडा कुठून यायचा? नाकातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा आरएनए असला, तर आधी त्यापासून डीएनए तयार केला जातो आणि मग यंत्र त्याच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती दर फेरीला जवळपास दुप्पट करत जातं. त्याच नळीत एक छोटा शोधक रेणू सोडलेला असतो. त्याच्या एका टोकाला प्रकाश देणारा रंगरेणू आणि दुसऱ्या टोकाला तो प्रकाश गिळून टाकणारा रेणू. दोघं जवळ आहेत तोवर नळीत अंधार. हा शोधक विषाणूच्या तुकड्याला चिकटला, की प्रती काढत येणारं विकर त्याला कापून टाकतं, दोन टोकं दुरावतात आणि रंगरेणू उजळतो. नळीतला उजेड कितव्या फेरीला ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तो आकडा म्हणजे सीटी. विषाणू जास्त असला तर उजेड लवकर दिसतो, म्हणून आकडा लहान. जानेवारी २०२०मध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीतून निश्चित झाला आणि मार्चमध्ये पुण्यातल्याच मायलॅबच्या संचाला मान्यता मिळाली. त्यानंतरच्या कोट्यवधी तपासण्या अशाच रंगरेणूंच्या उजेडावर वाचल्या गेल्या.

मला आज जे सांगायचं आहे ते या एका उदाहरणात आलेलं आहे. प्रकाश देणारा रेणू तयार करणं ही दीडशे वर्षं जुनी विद्या आहे. हवी ती गोष्ट भेटेपर्यंत त्या रेणूला अंधारात थांबवून ठेवणं हे त्यापुढचं काम, आणि ते फार अवघड आहे. वैद्यकीय संशोधनाला गेल्या पन्नास वर्षांत रसायनशास्त्राने जी मोठी देणगी दिली, ती या दुसऱ्या कामातून आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या कामापासून सुरुवात करतो. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी सूर्यप्रकाशाचा लोलकातून पडलेला पट्टा घेतला आणि क्विनाइनच्या द्रावणाची नळी त्या पट्ट्यातून हळूहळू सरकवली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. नळी जांभळ्याच्याही पलीकडे गेली, जिथे डोळ्यांना नुसता काळोख दिसतो, आणि तिथे द्रावण निळं उजळलं. न दिसणारा अतिनील प्रकाश आत घेऊन रेणू दिसणारा प्रकाश बाहेर टाकत होता. या घटनेला स्टोक्स यांनी फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. आत घेतलेल्या ऊर्जेपैकी थोडी उष्णतेत जाते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते. हा फरक लहान असला तरी त्याच्यावरच सगळं उभं आहे. आत सोडलेला प्रकाश गाळून टाकला, की काळ्या पार्श्वभूमीवर फक्त आपला रेणू दिसतो.

आता थोडं रसायन. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत गेलेल्या प्रत्येकाने फिनॉल्फ्थॅलीन हाताळलं आहे. अल्कली पडली की गुलाबी. ते आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली तयार केलं, आणि त्याच वर्षी त्यांनी दुसरा एक पदार्थ केला, फ्लुओरेसीन. दोन्हींत थॅलिक अनहायड्राइड, फक्त एकात फिनॉल आणि दुसऱ्यात रिसॉर्सिनॉल. कागदावर दोन्ही रेणू सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पण फिनॉल्फ्थॅलीनला रंग आहे, उजेड नाही. आणि फ्लुओरेसीनचं अगदी विरळ द्रावणही हिरवं झळाळतं. फरक आहे ऑक्सिजनच्या एका अणूचा. फ्लुओरेसीनमध्ये हा अणू दोन बेंझिन वलयांना पुलासारखा जोडून ठेवतो आणि त्यांना गिरक्या घेऊ देत नाही. प्रकाश पिऊन उत्तेजित झालेल्या रेणूला ती ऊर्जा कुठेतरी टाकायचीच असते. वलयं मोकळी असतील तर ती हलण्यात, वळण्यात आणि शेवटी उष्णतेत संपते. वलयं जखडली की ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही ऊर्जा वाया जाण्याची वाट बंद करायची, की मुद्दाम उघडी ठेवून योग्य क्षणी बंद करायची, एवढंच रंगरेणू घडवणाऱ्याच्या हातात असतं. पण एवढ्यातून काय काय साधतं, ते पुढे पाहू.

फ्लुओरेसीन वैद्यकात लवकर रुजलं. बुबुळावर ओरखडा आहे का हे पाहायला डोळ्यांचे डॉक्टर आजही त्याचा थेंब टाकतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. १९६१ साली इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंडाच्या शिरेत फ्लुओरेसीन टोचून दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रं घेतली. मधुमेहाने डोळ्यांच्या बारीक वाहिन्या कुठे झिरपतात, हे त्या पद्धतीने डॉक्टरांना डोळ्यांनी दिसू लागलं. तुमच्यापैकी कुणी ही तपासणी करून घेतली असेल तर त्यांना आठवत असेल, कातडी काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी होते.

मात्र फ्लुओरेसीन जाईल तिथे उजळतं. रक्त कुठे पोचलं हे ते सांगतं, पण पेशीच्या आत काय चाललं आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही. तो प्रश्न ज्यांनी हातात घेतला, त्या रॉजर त्सिएन यांच्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण रेणूचा असा स्वच्छ, पायरीपायरीने केलेला विचार मी दुसऱ्या कुणाच्या कामात पाहिलेला नाही.

त्सिएन १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. दम्यामुळे लहानपणी बरंचसं घरातच असायचे आणि घरात रसायनांचे प्रयोग करायचे. केंब्रिजला ते शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करायला गेले. तिथला मोठा प्रश्न होता कॅल्शियमचा. स्नायू आकसतो, हृदय ठोका देतं, एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते, फलित झालेलं बीजांड जागं होतं, या सगळ्याच्या मागे पेशीतल्या कॅल्शियमची क्षणभराची वाढ असते. पण ती पाहायची कशी? पेशीबाहेर कॅल्शियम जेवढं असतं, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच शांत पेशीच्या आत असतो. शिवाय आत त्याचा जवळचा नातलग मॅग्नेशियम कॅल्शियमच्या हजारो पट जास्त असतो. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली जेलिफिशमधून वेगळं केलेलं एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम भेटताच निळा प्रकाश देई. पण ते सुईने पेशीत टोचावं लागे, आणि ते जमायचं खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलसारख्या प्राण्यांच्या राक्षसी स्नायूपेशींत. माणसाच्या रक्तातल्या इवल्या पेशीत सुई घालणार कोण?

त्सिएन यांनी सुरुवात केली ईजीटीए या जुन्या रेणूपासून. तो मॅग्नेशियम सोडून कॅल्शियम धरतो, पण पेशीतल्या सामुपातळीला त्याच्या नायट्रोजनवर प्रोटॉन चढून बसतात, त्यामुळे पकड संथ आणि बेभरवशाची होते. त्सिएन यांनी नायट्रोजनच्या शेजारी बेंझिनची वलयं आणली. नायट्रोजनची इलेक्ट्रॉनची जोडी वलयाकडे ओढली गेली, प्रोटॉन चढेनासे झाले आणि कॅल्शियमबद्दलची निवड मात्र शाबूत राहिली. १९८० साली प्रसिद्ध झालेला हा रेणू म्हणजे बाप्टा. त्यात आणखी एक गोष्ट आपोआप मिळाली. कॅल्शियम आला की नायट्रोजन वळतो, त्याची जोडी वलयाकडून काढून घेतली जाते आणि रेणूचं प्रकाशशोषण बदलतं. म्हणजे कॅल्शियम पकडणारा भाग आणि तो पकडल्याची वर्दी देणारा भाग एकाच सांगाड्यात जुळले.

राहिला प्रश्न आत शिरण्याचा. कॅल्शियम धरायला लागणारे चार कार्बोक्झिलेट गट ऋणभाराचे, आणि भारित रेणूला पेशीचं स्निग्ध आवरण ओलांडता येत नाही. १९८१ साली त्सिएन यांनी या चारही गटांना असिटॉक्सिमिथाइल एस्टरचं आवरण चढवलं. आवरण घातलेला रेणू भाररहित, म्हणून सहज आत शिरतो. आत पेशीची स्वतःची विकरं ते आवरण कापून टाकतात, भार उघडे पडतात आणि रेणू आतच अडकतो. पाहुण्याचा रेनकोट यजमानानेच दारात काढून घ्यावा आणि मग त्याला पावसात परत जाता येऊ नये, तसं. सुई नको, पेशी फाडायला नको. द्रावण ओतायचं आणि थांबायचं. या क्रियेत थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं, हा तिचा दोष त्सिएन यांच्यासह सगळ्यांना ठाऊक होता. तरीही चाळीस वर्षांहून जास्त काळ जगभर हीच युक्ती वापरली जाते आहे.

१९८५ साली ग्झेगोझ ग्रिन्केविच आणि मार्टिन पोनी यांच्याबरोबर त्सिएन यांनी फ्युरा-२ जाहीर केला. त्यावर ३४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की कॅल्शियम धरलेले रेणू जास्त उजळतात, ३८० नॅनोमीटरचा टाकला की रिकामे. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की पेशी जाड आहे की पातळ, रंग कमी शिरला की जास्त, हे सगळं बाजूला पडतं आणि थेट कॅल्शियमचं प्रमाण हाती येतं. औषध दिल्यावर हृदयाच्या पेशीत काय होतं, ग्लुकोज वाढल्यावर स्वादुपिंडाची पेशी इन्सुलिन सोडायला कशी तयार होते, हे तेव्हापासून संशोधकांना चालू असताना दिसू लागलं.

त्सिएन यांना २००८ सालचं नोबेल मिळालं ते शिमोमुरा आणि मार्टिन चॅल्फी यांच्याबरोबर, जेलिफिशच्याच हिरव्या प्रथिनासाठी. ते काम मोठंच आहे, पण नुसत्या कॅल्शियमच्या रेणूंसाठीही ते पारितोषिक योग्य ठरलं असतं असं मला वाटतं. त्या पारितोषिकाच्या कथेतलं आणखी एक नाव मी इथे मुद्दाम घेतो. हिरव्या प्रथिनाचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली प्रथम वेगळं केलं. त्यांचं अनुदान संपलं, तेव्हा त्यांनी ते जनुक चॅल्फी आणि त्सिएन यांना देऊन टाकलं. नोबेल जाहीर झालं त्या वेळी प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये मोटारविक्रीच्या दुकानाची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. साधन घडवणाऱ्याची आठवण विज्ञानजगतालाही राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. क्षयाचा जंतू इतका सावकाश वाढतो, की तो रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतो की नाही हे संवर्धनातून कळायला आठवडे लागत. तोवर रुग्ण कदाचित निरुपयोगी गोळ्या घेत असे आणि घरातल्यांना लागण होत असे. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी केसांच्या पिनेच्या आकाराचे शोधक रेणू जाहीर केले. पिनेच्या एका टोकाला रंगरेणू, दुसऱ्याला प्रकाश गिळणारा रेणू, आणि मधला फास जंतूच्या जनुकाशी अक्षर न् अक्षर जुळणारा. जोडीचा तुकडा भेटला की पीन सरळ होते आणि उजेड पडतो. एका अक्षराचाही फरक असला तर ती मिटलेलीच राहू शकते. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमधला बदल आरपीओबी नावाच्या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात असतो. त्या पट्ट्यावर पाच शोधक बसवले, की पाचही उजळले तर औषध चालेल. एखादा अंधारात राहिला तर चालणार नाही अशी शंका. इथे अंधारसुद्धा उत्तर देतो.

यावर उभ्या राहिलेल्या जीनएक्सपर्ट यंत्राची मोठी पारख २०१० साली प्रसिद्ध झाली. १७३० संशयित रुग्णांच्या त्या अभ्यासातलं एक केंद्र मुंबईचं हिंदुजा रुग्णालय होतं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८.२ टक्के एकाच तपासणीत पकडले गेले, क्षय असूनही जंतू न दिसलेल्यांपैकी ७२.५ टक्के. उत्तर दोन तासांच्या आत. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी करून घेतलेल्यांनी सीबीनॅट हा शब्द ऐकला असेल, तो याच तपासणीचा. वातानुकूलित खोली आणि अखंड वीज नसलेल्या ठिकाणांसाठी गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीने बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट आणलं आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला पसंती दिली. त्याच्याही पोटात रंगरेणूंचाच उजेड आहे.

प्रयोगशाळेतून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत हा उजेड पोचला, तो भाग मला सर्वांत हृदयाजवळचा वाटतो. मेंदूतला ग्लायोमा काढताना गाठ कुठे संपते आणि निरोगी मेंदू कुठे सुरू होतो, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. जास्त कापलं तर वाचा जाते, हात जातो. कमी कापलं तर गाठ परत येते. यावर ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल हा रेणू तोंडावाटे देतात. तो स्वतः उजळत नाही. पण गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा रेणू तयार करून साठवतात आणि निळ्या प्रकाशात तो लालसर दिसतो. जर्मनीतल्या वाल्टर स्टूमर आणि सहकाऱ्यांनी ३२२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हा उजेड वापरलेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्के रुग्णांची. प्रकाश तयार करायचं काम रोगट पेशीवरच सोपवणारी ही कल्पना मला विलक्षण वाटते.

अंडाशयाच्या कर्करोगासाठी परड्यू विद्यापीठातल्या फिलिप लो यांनी दुसरी वाट घेतली. गरोदरपणात ज्या फोलिक आम्लाच्या गोळ्या देतात, ते धरून ठेवणारी प्रथिनं या कर्करोगाच्या बहुतेक गाठींवर भरपूर असतात. त्यांनी फोलेटसारख्या रेणूला अवरक्तात उजळणारा रंगरेणू जोडला. डोळ्यांना हा उजेड दिसत नाही, तो कॅमेऱ्याने पडद्यावर आणावा लागतो. पण सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश रक्तात आणि मांसात कमी शोषला जातो, म्हणून पृष्ठभागाच्या थोडं खाली दडलेली गाठही दिसते. पॅफोलासियानीन नावाने या रेणूला अमेरिकेत नोव्हेंबर २०२१मध्ये मान्यता मिळाली. १३४ स्त्रियांच्या अभ्यासात २६.९ टक्क्यांमध्ये अशी किमान एक कर्करोगाची गाठ सापडली, जी सर्जनच्या डोळ्यांना आणि बोटांना लागली नव्हती. उजळलेली प्रत्येक जागा कर्करोगाचीच असते असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. शेवटचा निर्णय सर्जनचा आणि पॅथॉलॉजिस्टचाच.

हे रेणू तयार करणं म्हणजे काय असतं, ते मी अनुभवाने सांगू शकतो. चंबू ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेले, खोलीतले दिवे मंद, कारण जो रेणू प्रकाशासाठी घडवायचा तोच प्रकाशाने खराब होतो. एका पायरीनंतर दुसरी, प्रत्येक पायरीनंतर शुद्धीकरण. एक टक्का अशुद्धी राहिली आणि तीच जास्त उजळणारी निघाली, तर जीवशास्त्रज्ञाचं महिन्यांचं काम वाया जातं. सुधारणा म्हणावी तर कधी चिमूटभर असते. व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लेव्हिस यांच्या गटाने ऱ्होडामीनच्या नायट्रोजनवरचे दोन मिथाइल गट काढून तिथे चार अणूंचं एक लहानसं वलय बसवलं. नायट्रोजनचं वळणं थांबलं आणि शोषलेल्या प्रकाशातला बाहेर पडणारा वाटा दुपटीहून जास्त झाला. बायर यांच्या ऑक्सिजनने केलेलं काम इथे एका इवल्या वलयाने केलं. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं आणि लेव्हिस यांनी हे रंगरेणू जगभरच्या प्रयोगशाळांना विनामूल्य पाठवले. मी त्यांचा फार आदर करतो.

आणि आपण? आपल्या संशोधकांचे बहुतेक रंगरेणू आजही परदेशातून, मिलिग्रॅमच्या कुपीत, भारी किमतीला येतात. महाराष्ट्राच्या बाबतीत हे मला पटत नाही, कारण रंगांचं रसायन हे आपल्या घरचं शास्त्र आहे. मुंबईच्या गिरण्यांना रंगांचे जाणकार हवे होते, म्हणून १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. आज माटुंग्याला आपण त्याला आयसीटी म्हणतो. त्याचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन. त्यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ १९५२पासून खंडाखंडाने येत गेला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांनी तो प्रमाण मानला. पुढे १९५७ साली तेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कापड रंगवण्यासाठी जी विद्या त्यांनी इथे रुजवली, तीच विद्या गाठीची कड दाखवायला लागते. वलय कसं जखडायचं, भार कुठे ठेवायचा, अशुद्धी कशी काढायची, हे सगळं तेच आहे. आपल्या राज्यात ती जाणणारी माणसं आजही आहेत. रुग्णालयांत त्यांची गरज असलेले डॉक्टरही आहेत. पण एकाच शहरात राहून ही दोघं एकमेकांना भेटत नाहीत.

म्हणून माझी इथल्या प्राध्यापकांना विनंती आहे, की सेंद्रिय रसायनाच्या विद्यार्थ्याला एखादं सत्र तरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसवा. रंग-कारखान्यांच्या मालकांना विनंती आहे, की असे रेणू घडवण्यासाठी एका संशोधकाचा तरी पगार बाजूला काढा. आणि तुम्हा सगळ्यांना, तुमच्या ओळखीत सर्जन असेल, पॅथॉलॉजिस्ट असेल, तर त्यांना आमच्याकडे पाठवा आणि त्यांना काय दिसत नाही ते आम्हाला सांगायला सांगा. रेणूचं आम्ही पाहू.